काळीच्या मुखावरचे कारवार

काही गावे प्रवाशासाठी नटूनथटून बसलेली असतात. कारवारचा स्वभाव तसा नव्हे. सह्याद्रीचे फाटे जेथे थेट पाण्यात उतरतात आणि काळी नदी अरबी समुद्राला मिळते, तेथे हे गाव आपल्याच नादात वसलेले आहे. १८६२ साली उत्तर कानडा जिल्हा मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला व कारवार हे त्याचे मुख्य ठाणे झाले. १९५६ मध्ये तो म्हैसूर राज्यात गेला आणि १९७३ मध्ये त्या राज्याचेच नाव कर्नाटक झाले. राज्ये बदलली, कचेरीतील कागदांची भाषा बदलली. बाजारातील बोली मात्र कोकणीच राहिली. मासळीच्या टोपलीपुढे एकाच घासाघिशीत कोकणी, कानडी आणि मराठी या तिन्ही भाषा कानी पडाव्यात, यात येथे कोणालाच नवल वाटत नाही.

नदीपलीकडे सदाशिवगड उभा आहे. सोंद्याच्या राजांची ती आठवण. सतराव्या शतकात इंग्रजांनी मिरीच्या लोभाने या खाडीवर वखार घातली. १६६५ मध्ये बसरूरच्या स्वारीहून परतताना शिवाजी महाराज येथे आले, तेव्हा त्या वखारवाल्यांनाही खंडणीचा वाटा उचलावा लागला.

पण कारवारला साहित्यात स्थान मिळवून दिले ते एका तरुण पाहुण्याने. १८८३ साली सत्येंद्रनाथ ठाकूर येथे जिल्हा न्यायाधीश होते. त्यांचे बावीस वर्षांचे धाकटे बंधू रवींद्रनाथ त्यांच्याकडे येऊन राहिले. सुरूच्या बनाची किनार असलेला अर्धचंद्राकृती समुद्रकिनारा आणि चांदण्या रात्री काळी नदीतून केलेला नौकाविहार यांचे वर्णन त्यांनी पुढे ‘जीवनस्मृती’त केले. ‘प्रकृतिर प्रतिशोध’ हे नाटक त्यांनी येथेच लिहिले. त्यातील संन्यासी संसाराचे सारे पाश तोडून बसतो, आणि एका अनाथ मुलीची माया त्याला पुन्हा माणसांत आणते. एवढ्या रमणीय एकांतात लिहिलेल्या नाटकाने एकांताचाच अपुरेपणा सांगावा, हे मोठे अर्थपूर्ण आहे.

शांततेच्या शोधात कारवारला येणाऱ्याने हे ध्यानी धरावे. प्रवाशाला किनारा निवांत दिसतो, कारण गावाची धांदल त्याच्या जागे होण्यापूर्वीच उरकलेली असते. पूर्वी येथे रापण लागे. होडी जाळे सोडीत समुद्रात अर्धवर्तुळ घेई आणि मग काठावरची माणसे दोन्ही टोकांचे दोर धरून ते ओढून आणीत. मिळालेल्या मासळीचे वाटे पडत. त्यात जाळ्याचा आणि होडीचाही वाटा असे. यांत्रिक नौका आल्या आणि रापण विरळ झाली; परंतु समुद्राशी असलेले नाते तुटले नाही. पौष पौर्णिमेला कुर्मगड बेटावर नरसिंहाची जत्रा भरते, तेव्हा सारा किनारा होड्यांत बसून देवाला जातो. २०१९ च्या जत्रेत एक होडी उलटून सोळा माणसे बुडाली. प्रवाशाच्या दृष्टीने जो देखावा, तोच येथील माणसाचा अन्नदाता आहे आणि प्रसंगी काळही.

गावाच्या दक्षिणेकडील किनाऱ्यावर आरमाराचा तळ झाला. २००५ मध्ये तो राष्ट्राच्या सेवेत रुजू झाला. त्यासाठी अनेक कोळी कुटुंबांना आपली गावे सोडावी लागली. म्हणूनच २०२० च्या जानेवारीत बंदराच्या विस्ताराची वार्ता आली, तेव्हा उरलेल्या वाळूसाठी मच्छीमार रस्त्यावर उतरले. आज त्या किनाऱ्याला रवींद्रनाथांचे नाव आहे. होड्या ओढण्याचा आणि जाळी वाळविण्याचा हक्क मात्र ज्यांचा त्यांनाच सांभाळावा लागतो.

कारवारचा पाहुणचार साधा आहे. बांगड्याचे तिखले, उकड्या तांदळाचा भात, वर वाटीभर सोलकढी. तो घेताना पाहुण्याने समोरच्या माणसाला एवढेच विचारावे, की यंदा मासळी कशी आहे. त्या एका प्रश्नाने गाव बोलू लागते.