बुळबुळींतील गुण

सातारा-सांगलीकडील कृष्णाकांठचा ऊस तोडून दोन-तीन दिवस पडून राहिला, कीं सूक्ष्म जंतु त्यांतील साखरेपासून डेक्स्ट्रान नांवाचा बुळबुळीत पदार्थ निर्माण करितात. रस चिकट होतो, नीट निवळत नाहीं आणि हातची साखर जाते. तथापि ह्याच पदार्थानें एका निराळ्या अडचणींत वाट दाखविली.

चमचाभर विरजण राखलें तरी उद्यांचें दहीं लागतें. त्यांतील जंतु वाढतात. विकर, म्हणजे एन्झाइम, सजीव नव्हे. तें काम करून द्रवाबरोबर वाहून गेलें, कीं मोलाची वस्तु गमावली.

डेक्स्ट्रानच्या साखळ्या परस्परांत गुंतविल्या, तर भिजल्या साबुदाण्यासारखे फुगणारे कण होतात. स्वीडनमध्यें ते १९५९ सालीं विक्रीस आले. १९६९ सालीं जपानांतील तानाबे सेइयाकू कंपनीनें विद्युद्भारित केलेल्या अशा कणांवर विकर धरून ठेविलें व ते कण नळकांड्यांत भरले. वरून द्रव सोडावा, खालून अमिनो आम्ल घ्यावें. विकर जागच्या जागीं! त्याचा जोर ओसरल्यास त्याच कणांवर नवें विकर चढवितां येई.

जपानांत आधार झालेली ही बुळबुळ कृष्णाकांठीं मात्र घातकच. तेथें तोडलेला ऊस त्वरित गाळावा, हेंच हिताचें.