कागदाची घडी, मनाचा आधार



गोदावरीचे पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर चढले, यावरून आपण नाशिककर पूर मोजतो. २००८ आणि २०१६ साली आपण तो मोजला. परंतु पूर ओसरल्यावर घरादाराला मुकलेल्या माणसाच्या मनात जे साचून राहते, त्याला माप नाही.

येथे हिरोशिमाचे स्मरण होते. ६ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबाँब पडला, तेव्हा सादाको सासाकी दोन वर्षांची होती. १९५५ साली तिला रक्ताचा कर्करोग झाला. त्याच वर्षी नागोयाहून तेथील रुग्णांसाठी कागदी क्रौंच पक्षी आले. ते पाहून तीही औषधांच्या वेष्टनांचे क्रौंच करू लागली. हजाराहून अधिक केले. ती वाचली नाही. मात्र तिच्या शाळासोबत्यांनी निधी उभारण्यास पुढाकार घेतला आणि १९५८ साली तेथे बालशांती स्मारक उभे राहिले.

कागद औषधाची जागा घेत नाही. आपत्तीच्या पहिल्या दिवसांत अन्न, पाणी, औषधे आणि पैसाच पोहोचला पाहिजे. परंतु मदतीची वाहने परतल्यावर आणि बातम्या थांबल्यावर, अनोळखी हातांनी वेळ काढून घातलेली एक घडी आपद्ग्रस्ताला सांगते की, तुमचा विसर पडलेला नाही.

आपल्या देणगीसोबत, तिच्याऐवजी नव्हे, अशी एखादी घडीही जावी, ही नम्र विनंती.