हिशेबांत न धरलेलीं वर्षें

लष्करांत माणसाचें स्थान दोन गोष्टींवरून ठरतें. एक त्याचा हुद्दा, आणि दुसरी तो हुद्दा त्याला ज्या दिवशीं मिळाला ती तारीख. एकाच हुद्द्याचे दोन अधिकारी एकत्र आले, तर ज्याची तारीख आधींची तो वरिष्ठ. सैन्याबाहेरच्या माणसाला ही तारखेची बाब कारकुनी वाटेल. पण शिपाईगिरींत ज्याचें उभें आयुष्य गेलें, त्याच्या दृष्टीनें ती त्याच्या सेवेची मोजदाद असते. आणि ही मोजदाद चुकली, तर आपल्या आयुष्याचा एक तुकडाच कोणीं तरी खोडून टाकला असें त्याला वाटल्यावांचून राहत नाहीं. फ्रान्समधील तोफखान्याच्या एका अधिकाऱ्यानें अशाच चुकलेल्या मोजदादीबद्दल आपल्या सरकारकडे दाद मागितली होती. ती त्याच्या हयातींत लागली नाहीं. तिचा निकाल लागला तो त्याच्या मृत्यूला नव्वद वर्षें झाल्यावर, २०२५ सालीं. त्या अधिकाऱ्याचें नांव आल्फ्रेड ड्रेफस.

श्रोतेहो, ड्रेफसचा खटला हें नांव सुशिक्षित घरांत अपरिचित नाहीं. एका निरपराध यहुदी कॅप्टनला देशद्रोही ठरविण्यांत आलें, एमिल झोला या कादंबरीकारानें त्याच्यासाठीं लेखणी उचलली, आणि अखेर सत्याचा जय झाला, इतकी हकीकत बहुतेकांना ठाऊक असते. परंतु सत्याचा जय झाला असें म्हणून जेथें ही गोष्ट सामान्यतः संपविली जाते, तेथूनच प्रस्तुत विषयाला आरंभ होतो. न्यायालयानें निर्दोष ठरविल्यावरहि त्या माणसाला काय परत मिळावयाचें राहिलें, हा तो विषय होय.

ड्रेफसचा जन्म १८५९ सालीं अल्सेस प्रांतांतील मुलूझ या गांवीं झाला. तो दहा-अकरा वर्षांचा असतांना झालेल्या युद्धांत हा प्रांत जर्मनांच्या हातीं गेला. आपलें गांव परक्यांच्या अंमलाखालीं गेलेलें ज्यानें लहानपणीं पाहिलें, त्या मुलानें फ्रेंच सैन्याची वाट धरली, यांत नवल नाहीं. १८८९ मध्यें तो कॅप्टन झाला. १८९२ मध्यें युद्धविद्यालयाच्या परीक्षेंत त्याचा क्रमांक नववा आला आणि लष्कराच्या मुख्य कचेरींत उमेदवारी करण्याची संधि त्याला मिळाली. अशा अधिकाऱ्यानें कधीं काळीं जनरल होण्याची आशा बाळगावी हें अगदीं स्वाभाविक होतें.

१५ ऑक्टोबर १८९४ रोजीं त्याला अटक झाली. जर्मन वकिलातींतून हातीं आलेल्या एका निनांवी पत्राचें अक्षर त्याचें आहे, असा आरोप होता. खटला बंद दाराआड चालला, आणि आरोपीला किंवा त्याच्या वकिलाला न दाखवितां कागदांचें एक गुप्त पुडकें न्यायाधीशांच्या हातीं देण्यांत आलें. जन्मठेप झाली. ५ जानेवारी १८९५ रोजीं पॅरिसच्या लष्करी विद्यालयाच्या पटांगणांत, उभ्या फौजेसमोर, त्याच्या अंगावरचीं पदचिन्हें व गुंड्या तोडून काढल्या गेल्या आणि त्याची तलवार मोडण्यांत आली. आपण निरपराध आहों असें तो त्याही वेळीं ओरडून सांगत होता. त्यानंतर फ्रेंच गियानाजवळच्या सैतानाच्या बेटावर, पहारेकऱ्यांनींहि ज्याच्याशीं बोलावयाचें नाहीं असा एकटा कैदी म्हणून, त्यानें चार वर्षांहून अधिक काळ काढला. कांहीं काळ तर रात्रीं त्याचे पाय बेड्यांनीं बिछान्याला जखडलेले असत.

याच प्रकरणांत दुसऱ्या एका अधिकाऱ्याचेंहि आयुष्य बदलून गेलें. लेफ्टनंट कर्नल पिकार हा हेरखात्याचा प्रमुख असतांना १८९६ मध्यें त्याच्या ध्यानांत आलें कीं, तें अक्षर ड्रेफसचें नसून एस्तेरहाझी नांवाच्या मेजरचें आहे. हें त्यानें वरिष्ठांना सांगितलें, म्हणून त्याला आधीं ट्यूनिसियाकडे धाडण्यांत आलें. पुढें सैन्यांतून काढून टाकण्यांत आलें आणि सुमारें वर्षभर तुरुंगांतहि ठेवण्यांत आलें. पिकारच्या धैर्यावांचून ड्रेफस कदाचित् त्या बेटावरच संपला असता.

१८९९ मध्यें फेरतपासणी झाली. रेन येथील लष्करी न्यायालयानें पुन्हां दोषीच ठरविलें, आणि दहाच दिवसांनीं राष्ट्राध्यक्ष लूबे यांनीं माफी दिली. माफी ही अपराध्याला मिळते. ड्रेफसला हवा होता तो न्याय. तो १२ जुलै १९०६ रोजीं मिळाला. सर्वोच्च न्यायालयानें शिक्षा समूळ रद्द केली. दुसऱ्याच दिवशीं पार्लमेंटनें त्या दोघां अधिकाऱ्यांना सैन्यांत परत घेण्यासाठीं कायदे संमत केले, आणि त्याच महिन्यांत त्याच लष्करी विद्यालयाच्या एका लहान पटांगणांत ड्रेफसच्या छातीवर लीजन ऑफ ऑनरचें पदक लावण्यांत आलें.

येथवर सारें यथास्थित झालेलें दिसतें. पण त्या दोन कायद्यांतील तारखा शेजारीं शेजारीं ठेवून पाहाव्या. पिकारला ब्रिगेडियर जनरल करण्यांत आलें, आणि त्याच्या हुद्द्याची तारीख तीन वर्षें मागें नेऊन जुलै १९०३ ची धरण्यांत आली. सैन्याबाहेर गेलेला काळ त्याच्या सेवेंत मोजला गेला. ड्रेफसला मेजर करण्यांत आलें, पण त्याची तारीख कायद्याच्या दिवसाचीच राहिली. बेटावरचीं वर्षें, माफीनंतर घरीं बसून न्यायाची वाट पाहण्यांत गेलेलीं वर्षें, सगळीं मिळून जवळजवळ बारा वर्षें हिशेबांतून गळलीं. पूर्वी त्याच्या मागून आलेला जो अधिकारी १९०६ च्या आधीं मेजर झाला असेल, तो आतां ड्रेफसचा वरिष्ठ ठरला. वयाचीं छेचाळीस वर्षें पूर्ण झालेल्या या नव्या मेजरला जनरलचें पद कधींहि मिळणार नव्हतें, हें उघड होतें. जो निरपराध ठरला, त्याच्या शिक्षेचीं वर्षें त्याच्या नांवावर शिक्षा म्हणूनच राहिलीं.

ड्रेफसनें दाद मागितली. त्याला पैसा नको होता. सरकारकडून नुकसानभरपाई त्यानें कधींच मागितली नाहीं. आपली सेवा अखंड मोजावी आणि त्या मोजणीनें येईल तो दर्जा द्यावा, एवढेंच त्याचें म्हणणें होतें. ऑक्टोबर १९०६ मध्यें क्लेमांसो मुख्य प्रधान झाला, आणि त्याचा युद्धमंत्री झाला तो पिकार. झोलाचें सुप्रसिद्ध पत्र ज्या वृत्तपत्रानें १८९८ मध्यें छापलें, त्यांत क्लेमांसो ड्रेफसची बाजू मांडीत असे. ड्रेफसचे दोन मोठे कैवारी असे सत्तेवर बसले होते. तरीहि नकार आला. ज्यानें एकदां आपलें सर्वस्व पणाला लावून ड्रेफसचें निर्दोषत्व उघड केलें, त्याच पिकारनें मंत्री झाल्यावर त्याच्या गेलेल्या वर्षांचा प्रश्न पुन्हां उघडण्याचें नाकारलें.

या नकाराचा विचार करतांना त्या काळाची परिस्थितीहि पाहिली पाहिजे. या प्रकरणानें घराघरांत दोन तट पडले होते, आणि पार्लमेंटमध्यें नवा कायदा आणणें म्हणजे विझत आलेली आग फुंकण्यासारखें होतें. ती आग किती जिवंत होती हें लवकरच दिसलें. ४ जून १९०८ रोजीं झोलाच्या अस्थि पॅन्थिऑनमध्यें नेण्याच्या समारंभांत एका पत्रकारानें ड्रेफसवर गोळ्या झाडल्या व त्याचा हात जखमी केला. आणि पॅरिसच्या ज्यूरीनें त्या हल्लेखोराला निर्दोष म्हणून सोडून दिलें. राज्यकर्त्यांना शांतता हवी होती, हें समजूं शकतें. पण मागील तारीख देणें कायद्याला अशक्य होतें असें मात्र म्हणतां येत नाहीं. कारण त्याच पार्लमेंटनें त्याच दिवशीं पिकारला ती दिली होती. शांततेची किंमत कोणीं तरी भरावयाची होती, आणि ती पुन्हां ड्रेफसलाच भरावी लागली.

१५ ऑक्टोबर १९०६ रोजीं, म्हणजे अटकेला बरोबर बारा वर्षें झालीं त्या दिवशीं, तो नव्या नेमणुकीवर हजर झाला होता. जून १९०७ मध्यें त्यानें निवृत्तीचा अर्ज दिला. मेजर म्हणून तो निवृत्त झाला आणि त्याचें नांव राखीव अधिकाऱ्यांच्या यादींत गेलें.

राखीव यादी म्हणजे घरीं परतलेल्या शिपायाशीं देशानें ठेवलेला शेवटचा धागा. युद्ध पेटलें तर बोलावूं, एवढाच तिचा अर्थ. ऑगस्ट १९१४ मध्यें बोलावणें आलें तेव्हां ड्रेफस चौपन्न वर्षांचा होता. बेटावरच्या हवेनें प्रकृति खंगलेली होती. ज्या सैन्यानें त्याची तलवार मोडली आणि ज्या सरकारनें त्याचीं वर्षें मोजलीं नाहींत, त्यांच्याविरुद्ध गाऱ्हाणें सांगून घरीं राहण्याला त्याच्याइतकें सबळ कारण क्वचितच कोणाजवळ असेल. तो गेला. प्रथम पॅरिसच्या उत्तरेकडील संरक्षक तोफखान्यांत त्याला काम मिळालें. पुढें १९१७ मध्यें तो शमँ दे दाम आणि व्हर्दून येथील प्रत्यक्ष रणभूमीवर होता. त्याचा मुलगा पियेर तोफखान्यांत लढत होता. भाऊ मात्यू, ज्यानें त्याच्या सुटकेसाठीं जिवाचें रान केलें, त्याचा मुलगा एमिल १९१५ मध्यें युद्धांत पडला. सप्टेंबर १९१८ मध्यें, युद्ध संपत आलें असतां, ड्रेफसला राखीव दलांत लेफ्टनंट कर्नल करण्यांत आलें. एकोणसाठाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर त्याला मिळालेली ही एकच पायरी. आणि हीहि त्याची जुनी मागणी मान्य करून नव्हे, तर नव्या युद्धांतील नव्या सेवेबद्दल मिळालेली. १२ जुलै १९३५ रोजीं, निर्दोष ठरल्याच्या एकोणतिसाव्या वाढदिवशीं, तो मरण पावला.

यानंतरचा अध्याय अगदीं अलीकडचा आहे. २ जून २०२५ रोजीं फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेंत एक लहानसें विधेयक आलें: फ्रेंच राष्ट्र आल्फ्रेड ड्रेफसला मरणोत्तर ब्रिगेडियर जनरलच्या पदावर चढवीत आहे, एवढाच त्याचा आशय. एकहि मत विरुद्ध न पडतां तें संमत झालें. ६ नोव्हेंबर रोजीं सिनेटनेंहि तें मान्य केलें, आणि १७ नोव्हेंबर २०२५ रोजीं राष्ट्राध्यक्ष माक्राँ यांच्या सहीनें तो कायदा झाला. जें पद पिकारला एकोणीसशें सहा सालीं मिळालें, तेंच ड्रेफसला एकशें एकोणीस वर्षांनीं मिळालें.

या पदाचा त्याला आतां काय उपयोग, असें कोणी विचारील. हा प्रश्न खोटा नाहीं. मृताला सलामी ऐकूं येत नाहीं, आणि जी फौज त्यानें चालवावयाची ती फौजहि उरलेली नाहीं. जें देणें १९०७ मध्यें एका सहीनें फिटलें असतें, तें शतकानंतर फेडल्यानें पूर्ण फिटत नाहीं. तरीहि हा कायदा निरर्थक म्हणतां येणार नाहीं. अन्याय दोन प्रकारचे असतात. एक मोठ्या आवाजांत, फौजेसमोर, तलवार मोडून केला जातो. त्याच्याविरुद्ध झोलासारखे लोक उठतात. दुसरा कचेरींत, एका तारखेच्या रूपानें, चांगल्या माणसांच्याच हातून होतो. त्याच्याविरुद्ध कोणी उठत नाहीं, कारण मुख्य लढाई जिंकली गेली आहे असें सर्वांना वाटत असतें. ड्रेफसला पहिला अन्याय बारा वर्षांत पुसून मिळाला. दुसरा पुसण्याला शतकाहून अधिक काळ लागला.

निरपराध ठरविणें ही न्यायाची अर्धी वाट आहे. तूं चोर नाहींस असें म्हणून सोडून दिलेल्या माणसाला, त्याच्याकडून हिरावलेलें परत करणें ही उरलेली अर्धी वाट. गेलेलीं वर्षें कोणालाच परत देतां येत नाहींत. पण तीं मोजतां येतात. ड्रेफसनें मागितली होती ती एवढी मोजणीच; आणि ती नाकारली गेल्यावरहि, बोलावणें आलें तेव्हां, मिळालेल्या हुद्द्यानिशीं तो आघाडीवर हजर झाला.