डबा मागावा

२०१७ च्या पावसाळ्यात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले. पंपात काय कालवले, हे मजूर का विचारीत नाही? अडाणी म्हणून, असे शिकलेले म्हणतात. आम्हांस ते पटत नाही. औषधवाल्या दुकानदारावर त्याचा भरवसा नसतोच. पण शेतकऱ्याची उधारी त्याच दुकानात आणि मजुराची मजुरी त्या शेतकऱ्याच्या हाती. विचारले की उद्याचा रोज बुडाला! एकटा विचारतो तो उद्धट ठरतो. दहा जण विचारतात तेव्हा डबा पुढे येतो, हे आम्ही संघटनेत पाहिले आहे. येत्या हंगामात नेरच्या मजुरांनी आधी डबा मागावा. लाल खूण म्हणजे अतिजहाल विष. बारीक अक्षर लागत नसेल, तर आम्हांस हाक मारा.