डोकं, मान आणि पट्टा
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं होतं, 'सॉफ्टवेअरबद्दल बोल.' पण ते ऐकताना तुमचं सगळं लक्ष जेवणाच्या वासाकडे जाईल, हे मला ठाऊक आहे. म्हणून मी हेल्मेटबद्दल बोलणार आहे. हसू नका, कारण आहे.

गेल्या वर्षी माझा भाचा घरी आला. वय चोवीस, नोकरी तारापूर एमआयडीसीत, गाडी जुनी हॅचबॅक. म्हणाला, "मावशी, मला ड्रॅग रेसमध्ये उतरायचंय." ड्रॅग रेस म्हणजे उभ्या गाडीपासून सुरुवात, सरळ रस्ता, बहुतेक वेळा पाव मैल म्हणजे 402 मीटर, आणि आधी पोचेल तो जिंकला. लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर 'व्हॅली रन' नावाने अशी शर्यत भरते. हौशी मंडळी आपापल्या गाड्या घेऊन तिथे येतात.

लगेच ताईचा फोन. "तू इंजिनिअर ना, तूच समजाव त्याला. थांबव." मी थांबवलं नाही. रात्री हायवेवर पोरं जे करतात, त्यापेक्षा बंद धावपट्टी बरी. पण अट घातली, की डोक्याचं आणि मानेचं सामान मी सांगेन तेच घ्यायचं.

त्याने आधीच एक वस्तू हेरून ठेवली होती. 'हान्स' नावाचं उपकरण. खांद्यांवर बसणारी कडक कॉलर, आणि तिच्यापासून हेल्मेटला जोडलेले दोन पट्टे. "मावशी, हे घेतलं की मानेचं टेन्शन नाही."

सर, तुम्ही आम्हाला विचारलं होतं, एसटीने करकचून ब्रेक मारला की उभी माणसं पुढे का जातात? आम्ही 'जडत्व' असं एका सुरात ओरडलो होतो. शर्यतीतही तेच होतं. गाडी भिंतीवर आदळते, पट्टा छातीला धरून ठेवतो, पण डोक्याला कुणीच धरलेलं नसतं. ते पुढे निघतं, वर हेल्मेटचं वजन, आणि सगळा ताण मानेवर आणि कवटीच्या तळाशी येतो. म्हणजे हेल्मेट कितीही भारी असलं तरी ते आघातापासून वाचवतं, या ओढीपासून नाही.

हे कोडं सोडवलं अमेरिकेतल्या रॉबर्ट हबर्ड या बायोमेकॅनिक्सच्या प्राध्यापकाने. त्यांचे मेहुणे जिम डाउनिंग शर्यतीत गाडी चालवायचे. 1981 मध्ये त्यांचा एक मित्र अपघातात गेला आणि हे दोघे कामाला लागले. पण बरीच वर्षं फारसं कुणी ते घेतलं नाही. अडचण होते, मान वळत नाही, अशा तक्रारी. मग 18 फेब्रुवारी 2001 ला डेटोनाच्या शर्यतीत, शेवटच्या फेरीत, डेल अर्नहार्ट हा नामांकित चालक कवटीचा तळ फुटून गेला. त्याच वर्षी नॅस्कारने मानेचं असं उपकरण सक्तीचं केलं आणि 2003 पासून फॉर्म्युला वनने. वस्तू तयार होती, ती वापरायला माणसं जावी लागली.

आता भाच्याची चूक सांगते. हान्सची कॉलर जागेवर राहते ती दोन्ही खांद्यांवरून येणाऱ्या शर्यतीच्या पट्ट्यांमुळे. आपल्या गाडीतला पट्टा एकाच खांद्यावरून तिरका जातो. त्याच्याखाली हान्स म्हणजे नुसता दागिना. बरं, शर्यतीचे पट्टे बसवावेत, तर ते माणसाला सीटवर ताठ जखडतात. गाडी उलटली आणि छत दबलं, तर वाकायलाही जागा नाही. म्हणून आधी आतला लोखंडी पिंजरा, मग योग्य सीट, मग पट्टे आणि शेवटी हान्स. क्रम चुकला की पैसे गेले आणि धोकाही वाढला. मऊ फोमची गोल कॉलर स्वस्त मिळते, पण तिला पट्टेच नाहीत, मग पुढे जाणारं डोकं ती कशी रोखणार?

हेल्मेटचंही तसंच. बोईसरला शिफ्ट सुटली की बघा, कितीतरी जण कंपनीचं पिवळं हेल्मेट घालून बाइकवर निघालेले दिसतात. ते वरून पडणाऱ्या वस्तूसाठी आहे, रस्त्यावर कुशीवर आपटण्यासाठी नाही. बाइकला आयएसआय शिक्क्याचं हवं. 1 जून 2021 पासून तो कायदाच आहे. शर्यतीला स्नेल संस्थेचा शिक्का बघतात. 1956 मध्ये पीट स्नेल नावाचा चालक हेल्मेट असूनही गेला, म्हणून पुढच्या वर्षी त्याच्या मित्रांनी ही संस्था काढली. त्यांच्या 'एम' शिक्क्याचं हेल्मेट मोटरसायकलसाठी, 'एसए' गाड्यांच्या शर्यतीसाठी. 'एसए'ची आगीतली आणि पिंजऱ्याच्या नळीवर आपटण्याची चाचणीही होते. 'एसए 2020' हेल्मेटला हान्सचे पट्टे अडकवायची सोयही असते. आम्ही तेच घेतलं.

घेताना शिंप्याची टेप घेऊन भुवयांच्या वर डोकं मोजलं. गाल दाबले जायला हवेत. पट्टा लावून मागून वर ओढलं तर हेल्मेट निघता कामा नये. अर्धा तास घालून बसवलं, कपाळ दुखलं तर माप चुकलं. जुनं वापरलेलं घ्यायचं नाही, कारण आतला थर्माकोलसारखा थर एकदाच दबतो आणि बाहेरून ते कळत नाही.

तेव्हा ठरलं असं: या वर्षी गाडीचा मूळ पट्टा आणि चांगलं हेल्मेट, गाडीचा वेग वाढवायचा नाही. पुढे पिंजरा बसला तर सीट, पट्टे आणि हान्स एकदमच घ्यायचं. भाचा जरा रुसला. मग धावला, शेवटून दुसरा आला, आणि घरी येऊन पोटभर जेवला. ताईने त्या दिवशी मला तीनदा फोन केला.

पट्ट्याचं मी एवढं का सांगते आहे? सप्टेंबर 2022 मध्ये आपल्याच जिल्ह्यात, चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्रींची गाडी आदळली. मागच्या सीटवरच्या दोघांनी पट्टे लावले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं. ते दोघेही गेले.

आणि त्याच्या कितीतरी आधी, आपण कॉलेजात असताना, पालघर-बोईसर रस्त्यावर आपला एक जण गेला. दहावीच्या फोटोत मधल्या रांगेत डावीकडून तिसरा. नाव घेत नाही, तुम्हाला माहीत आहे. सगळे म्हणाले, हेल्मेट होतं तरी गेला. मी तेव्हा त्याच्या घरी गेले होते. हेल्मेट कोपऱ्यात ठेवलेलं होतं. त्याच्यावर साधा ओरखडाही नव्हता. हनुवटीखालचा पट्टा त्याने लावलाच नव्हता, ते आधीच उडून पडलं होतं.

भाच्याला मी त्याची गोष्ट सांगितली, तेव्हा कुठे त्याने हान्सचा हट्ट सोडला.

आज जेवून निघताना हनुवटीखालचा पट्टा 'टक्' वाजेपर्यंत लावा. गाडीत मागे बसलात तरी पट्टा लावा. पुढच्या मेळाव्याच्या फोटोत आपण सगळे हवे आहोत.