हवेतील विषाचा रोजमेळ



रुग्णालयात क्ष-किरणांचे काम करणाऱ्या माणसाच्या छातीवर एक लहानसा बिल्ला असतो. तो मानाचा नव्हे, हिशेबाचा. दर तीन महिन्यांनी तो तपासतात आणि त्या माणसाच्या अंगावर किती किरण पडले ते काढतात. ज्यांच्या श्वासात रोज विषारी वाफ जाते, अशा कामगारांसाठीही तसाच बिल्ला असतो. आज त्याची ओळख करून घेऊ.

आपण म्हणाल, विषाचा वास येतोच की! पण नाक हा भरवशाचा साक्षीदार नव्हे. कार्बन मोनॉक्साइडला वासच नाही. गटारात साठणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यांची घाण येते खरी. पण तो वायू फार वाढला की नाक बधिर होते, आणि माणसाला वाटते, धोका टळला. शिवाय काही विषे थेंबाथेंबाने साठावीत तशी अपाय करतात. बेंझिनची वाफ वर्षानुवर्षे घेतल्याने रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. तेव्हा आज वास आला का, एवढे विचारून भागत नाही. दिवसभरात किती वाफ घेतली, हे कळले पाहिजे.

बिल्ल्याचे तत्त्व अगदी साधे आहे. देवघरात कापूर ठेवला की त्याचा वास आपोआप घरभर पसरतो. वाफही तशीच बिल्ल्याच्या झाकणातून आपोआप आत शिरते आणि आतल्या सक्रिय कोळशाच्या पातळ थराला चिकटून बसते. पंप नको, वीज नको. सकाळी गळ्याजवळ लावावा, काम संपले की बंद करून प्रयोगशाळेत पाठवावा. कोळशात सापडलेली वाफ आणि कामाचे तास यांवरून दिवसाची सरासरी निघते. काही बिल्ले तर जागीच रंग बदलतात.

आता आपल्या बुलढाणा जिल्ह्याकडे वळू. येथे विषाशी गाठ पडते ती बहुधा पऱ्हाटीच्या शेतात, फवाऱ्याशी. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे दगावली आणि शेकडो रुग्णालयात गेली. तिथे हा बिल्ला पुरला असता का? नाही. फवाऱ्याचे विष वाफेपेक्षा तुषारांच्या रूपात अंगावर बसते आणि कातडीतून आत जाते. कामगारांच्या अंगावर पडणारे विष कसे मोजावे, हे डरहॅम आणि वुल्फ या संशोधकांनी १९६२ साली मांडले. ते मोजण्यासाठी मजुराच्या कपड्यांवर ठिकठिकाणी शोषक चौकोनी तुकडे लावून तपासतात.

शेतमजुराचा खरा बिल्ला त्याच्या रक्तातच आहे. सेंद्रिय फॉस्फरसवर्गीय औषधांनी रक्तातील कोलिनेस्टरेज हा घटक मंदावतो. म्हणून १९७१ च्या कीटकनाशक नियमांत, अशा औषधांचे काम करणाऱ्यांची ही रक्ततपासणी हंगामात दरमहा करावी, असे सांगितले आहे. रोजाने फवारा मारणाऱ्या किती मजुरांपर्यंत ती पोचते, हे आपल्याच गावात विचारून पहा.

तोवर एवढे तरी करावे. डब्यावरचा तिकोन पहावा : लाल सर्वांत जहरी, मग पिवळा, निळा, हिरवा. वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नये. अंगभर कपडे, हातमोजे असावेत; भिजलेले कपडे लगेच बदलावेत व वेगळे धुवावेत. चक्कर, मळमळ, अंधुक दिसणे, लाळ व घाम सुटणे, यांपैकी काहीही झाले की काम थांबवून डब्यासकट दवाखाना गाठावा. शिक्षकांनी हा तिकोन मुलांना ओळखायला शिकवला, तर तो घरोघरी पोचेल.

आणि एक ध्यानात असू द्या. बिल्ला काय, तपासणी काय, ही चिलखते नव्हेत. ती विष अडवत नाहीत, फक्त खरे सांगतात. आपण मजुराची हजेरी मांडतो, मजुरी मांडतो. आपल्या शेतात त्याच्या अंगात किती विष गेले, याचीही नोंद आपणच ठेवायला हवी.