ओठ, पापणी आणि नाम

मायबापहो, एक काम करा. ओठाला ओठ अजिबात लागू देऊ नका आणि 'पांडुरंग' म्हणून बघा. काय आलं? 'हांडुरंग'! हसू नका. यंदाच्या चैत्रात पाच आठवडे माझ्यावर हीच पाळी होती.

आळंदीला वर्णांची स्थानं घोकून घेतात. कंठ, तालू, मूर्धा, दंत, ओष्ठ. त्यात प, फ, ब, भ, म हे पाच ओठांचे. एका सकाळी चूळ भरली आणि पाणी उजव्या कोपऱ्यातून उपरण्यावर सांडलं. आरशात पाहतो तर अर्धं तोंड गप्प. कपाळाला आठी पडेना, उजवा डोळा मिटेना. चहावर फुंकर घालता येईना. भाकरीचा घास गाल आणि हिरडीच्या मध्ये जाऊन बसे, तो बोटानं काढावा लागे. आणि शेजारी टाळ वाजला की उजव्या कानात घणच पडे.

घरात दोन मतं झाली. एक म्हणे, वारं गेलं, कानाला फडकं बांधा. मुलगा म्हणाला, आधी दवाखाना. मुलाचं ऐकलं. तुम्हीही ऐकून ठेवा, कारण मेंदूच्या झटक्यानंही तोंड वाकडं होतं. त्यात बहुधा कपाळाला आठी पडते, हातापायातलं बळ जातं. पण कोणतं काय, हे घरी बसून ठरवायचं नाही, डॉक्टरनं ठरवायचं, आणि लगेच. माझं निघालं चेहऱ्याच्या नसेचं दुखणं. चार्ल्स बेल नावाच्या स्कॉटिश शस्त्रवैद्यावरून त्याला बेल्स पाल्सी म्हणतात. सूज उतरवणारं औषध पहिल्या 72 तासांत सुरू झालं तर गुण चांगला येतो. तेही डॉक्टरच्या सांगण्यावरून, कीर्तनकाराच्या नव्हे.

पूर्णेच्या माणसाला ही नस समजावून सांगायला नको. इकडं नांदेड, तिकडं परभणी, आणि हिंगोली-वाशीमवरून अकोल्याची वाट इथंच फुटते. सांधा अडकला तर गाडी हलेल का? तशी ही नस कानामागच्या हाडातल्या अरुंद बोळातून बाहेर पडते आणि तिला पाच फाटे फुटतात. कपाळाकडे, पापणीकडे, गाल-ओठांकडे, हनुवटीकडे आणि मानेकडे. बोळात नस सुजली की पाचही वाटा बंद.

आता पापणीचं बघा. मिनिटाला पंधरा-वीस वेळा मिटते. पंधराच धरा, आणि सोळा तास जागेपण. दिवसाचे झाले 14,400. त्यातल्या एकाही खेपेला तिला कुणी सांगितलेलं नसतं. माझी थांबली तेव्हा दिवसा डोळ्यात थेंब, रात्री मलम आणि वर कागदी पट्टी. आपल्या मराठवाड्यातला चैत्र, ते ऊन, तो फुफाटा! वारीत आपण पायांना तेल चोळतो, गळ्याला खडीसाखर देतो. पापणीसाठी कुणी नारळ फोडलाय?

लावून घेतलेला सप्ताह दुसऱ्या महाराजांकडे गेला. रात्री पडल्या पडल्या एकेक नाव लावून पाहू लागलो. 'विठ्ठल' म्हणावं तर व-ला खालचा ओठ दाताशी न्यावा लागतो, तो अर्धाच जाई. 'ज्ञानोबा माउली तुकाराम' यात तीनदा ओठ मिटतात, तिन्ही ठिकाणी वारा निसटे. 'राम' मकारापाशी अडला. मग 'हरी' म्हटलं. ह कंठाचा, र मूर्धेचा, ई तालूची. ओठांना कामच नाही. स्वच्छ आलं हो! डोळ्याला पट्टी तशीच, आणि पहाटेपर्यंत तेवढं एकच नाव घेत राहिलो.

इथून परभणीवरून गंगाखेडला जाता ना? तिथली जनाबाई. कबीर तिला भेटायला पंढरीला आले तेव्हा ती गोवऱ्यांवरून भांडत होती, अशी कथा आहे. कबीरांनी विचारलं, तुझ्या कोणत्या? म्हणाली, ज्यातून 'विठ्ठल' ऐकू येईल त्या माझ्या. चाळीस वर्षं ही कथा सांगतोय, पण गोवरीला ओठ कुठं असतात, हा प्रश्न त्या रात्री पहिल्यांदा पडला. बाईनं शेण थापताना नाव घेतलं, ते हातातून उतरलं.

म्हणून ओठ नसले तरी चालतं, असं मी म्हणणार नाही. मला ते परत हवे होते. देवापुढं तसं उघड मागितलंसुद्धा. ज्याचा घास गालात अडकलाय त्याला वैराग्य सांगू नये.

बहुतेकांचं हे दुखणं काही आठवड्यांत, काही महिन्यांत उतरतं. काहींचं थोडं राहून जातं. सहाव्या आठवड्यात मी देवघरात काहीतरी पुटपुटत होतो तर नात स्वयंपाकघरात ओरडत गेली, "आई, आजोबांचा प आला!" उजवी पापणी अजून डावीच्या किंचित मागं राहते. राहू दे. वीणेकरी उभे आहेत, टाळ घ्या. रामकृष्णहरी.